नागपूरहून आलेले चंद्र

१ नोव्हेंबर १९५६, गुरुवार

काल रात्रीपर्यंत आमचं अंगण मध्यभारत राज्यात होतं, आज सकाळी ते मध्यप्रदेशात गेलं. इथे उज्जैनला देवास गेटवर पेढे वाटले म्हणे. मला त्याचं विशेष काही नाही. जयू घरी आहे, तेवढं पुरे.

वैशाखात लग्न झाल्यापासून पोर प्रथमच आली, दिवाळसणाला. जावईही आले आहेत. वसंतराव नागपूरच्या सचिवालयात कारकून. आता राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, म्हणून त्यांच्या फायली, त्यांची खुर्ची आणि ते स्वतः, सगळेच भोपाळला चालले. तिथे राहायला जागा नाही, एका बराकीत आठजण. घर मिळेपर्यंत जयू नागपूरलाच सासूबाईंजवळ राहणार.

ही जेवताना म्हणाली, "भोपाळ इथून अर्ध्या दिवसाचा रस्ता. घर मिळेपर्यंत पोरीला इथेच राहू द्या ना."

वसंतराव म्हणाले, "आईला एकटं वाटेल." माणूस वाईट नाही. पण बोलण्याआधी दाराकडे बघतो, जणू आई तिथे उभी आहे.

पहाटे मी जयूला उठवायला गेलो, तर ती आधीच अंगणात. पितळी दुर्बीण तिपाईवर चढवून गुरू धरलेला. शेजारी चार चंद्र, एका रेषेत. तिने वहीत गोल काढला आणि चार ठिपके दिले. मी काढले त्याच जागी. अकरा वर्षांची होती तेव्हापासून आम्ही असे ठिपके काढत आलो आहोत. सहा महिने एकट्याने काढताना हात कसा जड झाला होता!

६ नोव्हेंबर, मंगळवार

दोघे गेले. जयूला माझी लहान हातदुर्बीण दिली. आमचं ठरलं आहे: रोज पहाटे साडेपाचला तिने नागपूरला आणि मी इथे गुरूचे चंद्र काढायचे, आठवड्याचे ठिपके एका कार्डावर पाठवायचे. दोन गावांतून एकाच वेळी एकच आकाश. कल्पना तिचीच.

स्टेशनवर मी तिला पुन्हापुन्हा सांगितलं, दुर्बीण कठड्यावर टेकव, नुसत्या हातात धरू नकोस. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून वाकून काही म्हणत होती. "बापू..." एवढंच ऐकू आलं. मी ओरडून म्हणालो, "तारीख आणि वेळ विसरू नकोस!"

तिने मान हलवली.

२ डिसेंबर, रविवार

तीन कार्डं आली आहेत. आज शाळा नाही, म्हणून सगळी शेजारी शेजारी मांडून पडताळली. पहिल्या आठवड्याचे सगळे चंद्र उलट बाजूला! मी घाबरलो. मग लक्षात आलं की हातदुर्बिणीतून सुलटं दिसतं आणि माझ्या मोठीतून उलटं. हे मीच सांगायला विसरलो होतो. दुसऱ्या कार्डावर तिने खाली लिहिलं होतं, "बापू, तुमचे उलटे, माझे सुलटे, भांडू नका." एकट्याने मोठ्याने हसलो.

ठिपके थोडे थरथरले आहेत, थंडीने असेल. पण खरे आहेत.

कार्डाच्या कडेला हिच्यासाठी एक ओळ होती: "माई, कोणी येणार असेल तर जुन्या लिंबाचं लोणचं पाठव." मी म्हणालो, नागपूरला लिंबं मिळत नाहीत का? ही नुसती हसली, आणि स्टुलावर चढून वरची बरणी उतरवली. दिवसभर गुणगुणत होती. हिला कधी कशाचा आनंद होईल, सांगता येत नाही.

१४ जानेवारी १९५७, सोमवार

संक्रांत. जयूचं कार्ड. चंद्र पाच दिवसांचेच. लिहिते, "शेजारच्या गच्चीवरून लोक बघतात. सासूबाई म्हणाल्या, सुनेने पहाटे कठड्याशी डोळा लावून बसणं बरं दिसत नाही. लोकांना वाटतं, त्यांच्या घरात बघते."

मी लगेच उत्तर टाकलं. गच्चीवर पाण्याची टाकी असेलच, तिच्या आडोशाला बस. गुरू आता त्या वेळी नैर्ऋत्येला उंच असतो, टाकी आड येणार नाही. कागदावर आकृती काढून दाखवली. प्रश्न सुटावा.

हिला आकृती दाखवली. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "टाकी कुठल्या बाजूला आहे, तुम्हाला काय माहीत?"

१९ फेब्रुवारी, मंगळवार

तीन आठवडे कार्ड नव्हतं. शाळेतून येताना रोज पोस्टमनच्या वाटेवरून येत होतो. आज पाकीट आलं, तेही हिच्या नावाने. माझ्यासाठी शेवटी एकच ओळ: "बापूंना सांग, इकडे ढग होते."

फेब्रुवारीत, नागपूरला, तीन आठवडे ढग?

हिने पत्र स्वयंपाकघरात नेऊन वाचलं. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाली, "लोणचं आता पाठवू नकोस म्हणते." रात्री जेवली नाही. पित्त झालं असेल. सुंठ उगाळून देऊ का म्हटलं, तर भिंतीकडे तोंड करून निजली.

मग अंधारात म्हणाली, "तिला घेऊन या."

"आत्ता? मॅट्रिकची परीक्षा डोक्यावर आली आहे."

"परीक्षा पोरांची आहे. तुमची नाही."

"मे महिन्यात सुट्टी लागली की जाऊ. काही झालंय का?"

तिने पांघरूण ओढून घेतलं. बायकांच्या पत्रांत काय असतं ते मी कधी विचारत नाही, आणि विचारावं असं तिने कधी दाखवलंही नाही.

१० मार्च, रविवार

कार्डं पुन्हा सुरू! दोन एकदम आली. आणि काय सुरेख! ठिपके कोरल्यासारखे, अंतरं मोजून घेतल्यासारखी. बारा दिवस पडताळले, बाराही जुळले. डिसेंबरात थरथरणारा हात हाच का, असं वाटावं. आता तिचा हात बसला.

दोन पानांचं पत्र लिहिलं. गुरू आता संध्याकाळीच उगवतो, म्हणून वेळ बदलून रात्री आठ ठेवली. चौथ्या चंद्राबद्दल सविस्तर लिहिलं. त्याला एक फेरी घालायला सोळा दिवस लागतात, मुलांना तो नेहमी हरवतो, तिला कधी हरवला नाही. तेही लिहिलं.

ही दारात उभी होती. "काय लिहिलंत?"

"चौथ्या चंद्राबद्दल."

"आणि?"

"आणि काय?"

ती आत गेली.

४ एप्रिल, गुरुवार

कार्ड गुरुवारी येतं. गुरुवारी मधल्या सुट्टीत घरी चक्कर मारतो. हेडमास्तर म्हणाले, "मास्टरसाहेब, घरी कोणी आजारी आहे का?" मी म्हणालो, नाही, चष्मा विसरलो. चष्मा नाकावरच होता.

आजचं कार्ड सगळं जुळलं, फक्त २६ मार्चला तिने तिसरा चंद्र दाखवला आहे आणि मला तो दिसला नव्हता. तो तेव्हा गुरूच्या सावलीत गेलेला होता. तिची नजरचूक असावी.

संध्याकाळी अंगणात दोन खुर्च्या टाकल्या. एकीवर मी बसलो. दुसरी का टाकली, माझं मलाच कळलं नाही. ही आली आणि तिच्यावर न बसता जोत्यावर बसली.

२२ एप्रिल, सोमवार

शेंडेनक्षत्र! धूमकेतू! असा डोळ्यांना दिसणारा मी आयुष्यात पाहिला नव्हता. आमच्या अंगणातून वायव्य बाजू घरांनी झाकली आहे, म्हणून टांगा करून दुर्बीण राम घाटावर नेली. टांगेवाला म्हणाला, "मास्साब, वो झाड़ूवाला तारा देखने जा रहे हो? हमारी घरवाली कहती है, अच्छा नहीं होता."

सूर्य बुडाल्यावर क्षिप्रेपलीकडे तो हळूहळू उमटला. आधी धुरकट ठिपका, मग वर उठलेली शेपटी. घाटावर हीऽ गर्दी. एक पंडा शांती करून घ्या म्हणून सांगत होता, पण दुर्बिणीला डोळा लावल्यावर तोही गप्प झाला. पाऊणएक तास मी सगळ्यांना दाखवत राहिलो.

आणि सारखं मनात येत होतं, ती या क्षणी नागपूरला हेच बघत असेल. गुरू दर वर्षी येतो, हा परत येणार नाही. दोघांनी एकत्र पाहिला असता.

तिथेच पायरीवर बसून कार्ड लिहिलं: "वायव्येला बघ. रोज बघ. काय काय दिसलं ते सगळं कळव."

२९ एप्रिल, सोमवार

गेले चार दिवस धूमकेतूला सूर्याच्या बाजूलाही बारीक सुईसारखं टोक दिसत होतं. कुणाला दाखवावं असं माणूस जवळ नव्हतं.

जयूचं कार्ड या खेपेला सोमवारीच आलं. २० ते २६ तारखेचा गुरू, सातही दिवस, अगदी नेटका. धूमकेतूबद्दल एकच वाक्य: "इकडे त्या बाजूला आभाळ होतं, दिसला नाही." फार हळहळलो. दैव म्हणायचं.

२ मे, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

श्रीधरपंत, आमचे भूगोलाचे मास्तर, सकाळी आले. त्यांचा भाऊ नागपूरला असतो. म्हणाले, "भावाचं पत्र आलं. चार दिवस अख्खं नागपूर गच्च्यांवर होतं म्हणे, त्या तुमच्या धूमकेतूसाठी. आभाळ धुतल्यासारखं."

ते गेल्यावर मी सगळी कार्डं काढली. आभाळ स्वच्छ होतं. मग तिला दिसला का नाही? आणि २६ मार्चचा तो तिसरा चंद्र. सावलीतला चंद्र डोळ्यांना दिसत नाही, पण प्रत्येकाची फेरी किती दिवसांची हे ठाऊक असलं की गणिताने त्याची जागा काढता येते. धूमकेतू गणिताने काढता येत नाही. त्याला आकाशाकडे बघावंच लागतं.

तिने फेब्रुवारीपासून आकाश पाहिलेलंच नाही. मला खोटी निरीक्षणं पाठवली.

मी संतापलो. हिच्यापुढे कार्डं आपटली. "दिसलं नाही तर दिसलं नाही असं लिहायचं! एवढं शिकवलं, आणि ही फसवणूक?"

ही तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं. पंचवीस वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"तिला गच्चीवर जाऊ देत नाहीत, हे तुम्हाला अजून कळत नाही? जानेवारीतच तिने लिहिलं होतं, आणि तुम्ही टाकीची आकृती पाठवलीत! तिला दिवस होते. गेले, चौथ्या महिन्यात. पोर तिथे एकटी पडली होती, जावई भोपाळला, आणि मी इथे बरणी घेऊन बसले होते. मी म्हटलं, घेऊन या. तुम्ही म्हणालात परीक्षा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तिनेच लिहिलं होतं, बापूंना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल." मग हळू म्हणाली, "आणि मलाही वाटलं, कधीतरी स्वतःहून विचारतील. एकदा तरी."

कार्डं गोळा केली.  संध्याकाळच्या गाडीने निघतो आहे.

५ मे, रविवार. नागपूर.

काल सकाळी पोचलो. विहीणबाईंनी पाट मांडला, पंखा घातला, आदरात कुठे कमी नाही. जयू पाणी घेऊन आली. वाकून नमस्कार केला तेव्हा मानेचं हाड दिसलं.

गच्चीच्या जिन्याला दार आहे. दाराला कुलूप आहे. किल्ली विहीणबाईंच्या कमरेला.

दुपारी त्या स्वतःच बोलल्या. "तुम्हाला कळलं असेलच. थंडीत पहाटे वर जाऊन उभी राहायची. व्हायचं ते झालं. मग मी दुर्बीण कपाटात टाकली आणि दाराला कुलूप लावलं. लोक काय बोलतात ते तुम्हाला माहीत नाही, मास्तर. मी तिचं वाईट चिंतलं नाही. मीसुद्धा दोन गमावलीत. तेव्हा मला कोणी आवरलं नव्हतं."

मी भांडायचं ठरवून आलो होतो. त्यांचा चेहरा बघून ते राहून गेलं. शेवटी म्हणालो, "महिनाभर विश्रांतीला नेतो." त्या बराच वेळ किल्लीशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, "न्या. मला तिच्याशी बोलता येत नाही. मी जवळ गेले की ती गप्प होते."

७ मे, मंगळवार

घरी आलो. परतीच्या गाडीत डबा जवळजवळ रिकामा होता. बैतूल स्टेशन गेलं. मग जयू म्हणाली, "बापू, रागावलात? खोटं लिहिलं म्हणून?"

आणि मी काय विचारावं? "कसं काढलंस?"

तिने सांगितलं. नोव्हेंबर ते जानेवारीची स्वतःची टिपणं होती, चारही चंद्रांच्या फेऱ्या पाठ होत्या. स्वयंपाकघरात, पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर, भात शिजेपर्यंत गणित करायची. अर्ध्या तासाची चूक राहत असेल म्हणाली. एवढीही राहत नव्हती. असं गणित मी केलं नसतं.

मग विचारलं, "पण का, जयू?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "कार्ड पाठवलं नसतं तर तुमचं पत्र आलं नसतं. तुम्ही कार्डालाच उत्तर लिहायचात. फेब्रुवारीत कार्ड नव्हतं, तेव्हा तुमचं काहीच आलं नाही."

खरं आहे. मी तीन आठवडे पोस्टमनची वाट पाहिली, पण स्वतः एक ओळ टाकली नाही. ठिपक्यांशिवाय काय लिहायचं असतं, हे सुचलंच नाही.

त्यानंतर ती इटारसीपर्यंत बोलत होती. मध्ये थांबायची, मग पुन्हा बोलायची. त्या दिवशी काय झालं, कोण जवळ होतं, कोण नव्हतं. या वहीत मी इतकी वर्षं सगळं लिहीत आलो. ते मात्र लिहीत नाही. ते तिचं आहे.

उज्जैनला ही स्टेशनवर आली होती. दोघी एकमेकींना धरून प्लॅटफॉर्मवर उभ्या राहिल्या. मी ट्रंकेवर बसून राहिलो. कोणी हाक मारेपर्यंत उठावंसं वाटलं नाही.

२० मे, सोमवार

जयू दुपारी झोपते, संध्याकाळी हिच्याबरोबर क्षिप्रेवर जाते. दुर्बिणीचं नाव मी काढलेलं नाही. काल तिनेच विचारलं, "धूमकेतू कसा होता हो?" मी सांगायला लागलो. शेपटी, ते सुईसारखं टोक, घाटावरची गर्दी. ती ऐकत होती, पण डोळे भरलेले. मी मध्येच थांबलो. ती म्हणाली, "सांगा ना. थांबू नका."

धूमकेतू आता दुर्बिणीतही धड दिसत नाही. तिला दाखवता येणार नाही, कधीच. मला ही गोष्ट फार लागली आहे.

२ जून, रविवार

वसंतराव आले, न कळवता. भोपाळला एक खोली मिळाली आहे, नळ बाहेर, चौघांत एक. अंगणात उभे राहूनच म्हणाले, "मी आईला तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. कुलपाचं मला माहीत होतं."

आज त्यांनी दाराकडे पाहिलं नाही.

मी म्हणणार होतो, जयू इथेच राहील. कॉलेजात नाव घालीन, गणित घेईल. वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण ते माझ्याशी बोलतच नव्हते. जयूकडे वळून म्हणाले, "तुझी इच्छा असेल तरच. नाहीतर मी एकटा परत जातो, आणि पुन्हा येऊन विचारतो."

 रात्री जेवण झाल्यावर जयू म्हणाली, "भोपाळला येईन. नागपूरला मात्र मन होईल तेव्हाच जाईन." ते "हो" म्हणाले.

ही मला हळूच म्हणाली, "तुमचं तोंड का उतरलं? ती परत जाते म्हणून, की तुम्हाला विचारलं नाही म्हणून?" दोन्ही.

९ जून, रविवार

गेली. गाडी हलायच्या आधी ती खिडकीतून वाकली, "बापू..." म्हणाली. मी या वेळी तोंड बंद ठेवलं आणि जवळ गेलो. ती म्हणाली, "काही नाही. नुसती हाक मारली."

१८ जून, मंगळवार

घर फार मोठं झालं आहे. पहाटे सवयीने जाग येते. आठवडाभर दुर्बिणीवरचं फडकं काढलेलं नाही. आभाळही आता भरून यायला लागलं.

२३ जून, रविवार

काल भोपाळहून पत्र आलं. पाकिटावर माझं नाव. आत चार पानं, एकही ठिपका नाही. चूल धुरकट आहे, नळावर भांडणं होतात, शेजारची बाईही नागपूरची, संध्याकाळी गावाची आठवण काढून रडते. वसंतराव कधीकधी भाजी चिरतात. दिवे लागायच्या वेळी एकटी असले की भीती वाटते, कशाची ते कळत नाही. मी ते हिला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा शेवटचं पान तिने वाचलं, मला वाचवेना.

आज उत्तर लिहायला बसलो. "चि. जयूस अनेक आशीर्वाद" लिहिलं आणि तासभर पुढे काही सुचेना. बाहेर ढग होते, आत घड्याळ चाललं होतं. ही विस्तव विझवून आली, कागद पाहिला, शेजारी बसली.

"काय लिहू?" मी विचारलं.

"विचारा, तुला रात्री झोप लागते का."

लिहिलं. ते कागदावर पाहिलं आणि मलाच आणखी विचारावंसं वाटू लागलं. जेवतेस का. भीती वाटते तेव्हा काय करतेस. त्या बाईशी बोलतेस का. आम्ही दोघं येऊन गेलो तर चालेल का. पान भरलं. ही म्हणाली, आता झोपा, पोस्ट काय उद्याच निघणार. मी दुसरा कागद घेतला.